तेलाचा दुवा : टॉर्क कन्व्हर्टरची निवड आणि तिच्यामागचा इतिहास



वसंतातल्या या ज्ञानसत्रात आपण संतवाङ्मयापासून अर्थकारणापर्यंत नाना विषय ऐकता. त्या पंगतीला मोटारीच्या पोटातला एक तेलकट डबा आणून बसवणे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु या डब्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. तो जहाजासाठी जन्मला, बसगाड्यांत आणि रणगाड्यांत वाढला, शहरातल्या सुखवस्तू माणसाच्या गाडीत स्थिरावला आणि अखेर शर्यतीच्या गाड्यांनी त्याला आपलेसे केले. या डब्याचे नाव टॉर्क कन्व्हर्टर. वेगवान गाडी हौसेने बांधणाऱ्या माणसापुढे आज जो एक प्रश्न हमखास येतो, तो म्हणजे ‘जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर घ्यावा काय, आणि घ्यावा तर किती?’ या प्रश्नाचे उत्तर त्या इतिहासातच दडलेले आहे, असे मला दाखवावयाचे आहे.

प्रथम मूळ अडचण समजून घेऊ. वाफेचे इंजिन जागच्या जागी उभे असतानाही ओढू शकते. सिलिंडरात वाफ सोडली की दट्ट्या ढकलला जातोच. पेट्रोलच्या इंजिनाचे तसे नाही. ते फिरत असेल तरच जोर देते, आणि फारच सावकाश फिरले तर बंद पडते. गाडी तर उभी असते. फिरणारे इंजिन आणि उभी चाके यांची सोयरीक जुळवायची कशी? साध्या गाडीत हे काम क्लच करतो आणि चालकाचा डावा पाय त्याला सांभाळून घेतो. घाटात चढावर गाडी थांबवून पुन्हा काढताना नवशिक्याची जी तारांबळ उडते, ती या सोयरिकीचीच अडचण होय.

विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांपुढे याच जातीचा, परंतु उलट बाजूचा प्रश्न उभा राहिला. १८९७ साली पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’ नौकेने वाफेच्या टर्बाइनचा पराक्रम जगाला दाखवला होता. पण टर्बाइनला फार वेगाने फिरण्यात सुख, तर जहाजाच्या पंख्याला संथ फिरण्यात. शिवाय टर्बाइन उलटे फिरत नाही आणि जहाजाला मागे तर यावे लागते. श्टेटिन येथील व्हल्कन जहाजकारखान्यात हेरमान फ्यॉटिंगर नावाचा तरुण जर्मन अभियंता या कोड्यावर विचार करीत होता. त्याने असा विचार केला की टर्बाइनने एक पंप फिरवावा, पंपाने पाणी ढकलावे आणि त्या पाण्याने दुसरे जलचक्र फिरवून पंख्याला गती द्यावी. परंतु पंप एकीकडे, जलचक्र दुसरीकडे आणि मध्ये नळ अशी मांडणी केली तर बरीच शक्ती नळांच्या वळणांतच जिरून जाते. तेव्हा त्याने नळच काढून टाकले. पंपाचे चाक आणि जलचक्र एकाच पेटीत समोरासमोर बसवले, म्हणजे एकातून निघालेला प्रवाह थेट दुसऱ्यात शिरेल! १९०५ साली त्याने याचे पेटंट घेतले. पुढे दातेरी चक्रे अधिक अचूक बनू लागली आणि जहाजांवर त्यांनीच बाजी मारली, कारण त्यांत शक्तीची नासाडी फारच थोडी होई. फ्यॉटिंगर १९४५ च्या एप्रिलमध्ये, युद्धाच्या अखेरच्या दिवसांत, बर्लिनमध्ये मरण पावला. त्याची कल्पना मात्र समुद्र सोडून रस्त्यावर आली होती.

हे यंत्र चालते कसे? आपल्या घरातला ताकाचा डेरा डोळ्यांपुढे आणा. रवी फिरू लागली की थोड्याच वेळात डेऱ्यातले ताकही गरगर फिरू लागते. त्या फिरत्या ताकात दुसरी एक रवी मोकळी सोडली, तर तीही फिरेल. दोन रव्यांमध्ये लोखंडाचा दुवा नाही, दुवा आहे तो ताकाचा. कन्व्हर्टरमध्ये ताकाच्या जागी तेल असते. इंजिनाला जोडलेले ते पंपचाक आणि गिअरपेटीला जोडलेले ते टर्बाइनचाक. गाडी ब्रेकवर उभी असली तरी पंपचाक तेल ढवळीत राहते, इंजिन बंद पडत नाही आणि क्लचची गरज उरत नाही.

पण एवढ्याने जोर वाढत नाही. दोनच चाके असतील तर एकाने जितका पीळ दिला तितकाच दुसऱ्याला मिळणार. क्रिया आणि प्रतिक्रिया यांचा हिशेब चुकत नाही. फ्यॉटिंगरची खरी करामत तिसऱ्या भागात आहे. टर्बाइनचाकातून बाहेर पडणारे तेल परतताना पंपचाकाच्या विरुद्ध दिशेने येते आणि त्याला अडथळा करते. मध्ये काही स्थिर पाती बसवली, तर ती या तेलाला वळवून पंपाच्या दिशेने धाडतात. अडवणारे तेल आता मदत करू लागते, आणि त्या स्थिर पात्यांनी पेटीच्या भिंतीला टेकून जो रेटा घेतला, तेवढा पीळ टर्बाइनचाकाला अधिक मिळतो. गाडी उभी असताना ही वाढ मोटारीच्या कन्व्हर्टरमध्ये सामान्यतः दुपटीच्या आसपास असते. मात्र गाडीने वेग घेतला की हीच पाती वाटेत लुडबूड करू लागतात. त्यावर तोड निघाली ती जर्मनीत कार्ल्सरूहच्या अभियंत्यांच्या ‘ट्रिलॉक’ गटात, १९२८ च्या सुमारास. त्यांनी ही पाती एकाच दिशेने फिरू शकणाऱ्या क्लचवर बसवली. गरज असेल तेव्हा ती घट्ट उभी राहतात आणि गरज सरली की प्रवाहाबरोबर मोकळी फिरतात. आजचे मोटारींतले कन्व्हर्टर याच वंशातले आहेत.

रस्त्यावरचा प्रवास बसगाड्यांतून सुरू झाला. १९३० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमधील लेलँड कंपनीने स्वीडिश अभियंता आल्फ लिशोल्म याच्या धर्तीचा कन्व्हर्टर घालून ‘गिअरलेस’ बसगाड्या काढल्या. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाडीत हायड्रामॅटिक ही स्वयंचलित गिअरपेटी दिली. तिच्यात दोन चाकांचा साधा तेलदुवा होता, जोर वाढवणारा कन्व्हर्टर नव्हे. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांना अशा स्वयंचलित पेट्या लागल्या आणि ब्यूइकच्या कारखान्यात बनणाऱ्या हेलकॅट या रणगाडाविध्वंसक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर बसला. युद्ध संपले आणि १९४८ साली ब्यूइकने डायनाफ्लो नावाने हा कन्व्हर्टर घरच्या मोटारीत आणला.

डायनाफ्लो हा या इतिहासातला मोठा धडा आहे. तिच्यात चालू प्रवासात गिअर बदलतच नसत. सारे काम तेलावर सोपवलेले. गाडी लोण्यासारखी सरके, पण इंजिन घोंघावत राही आणि गाडी मागाहून सावकाश येई. सुख मिळाले, चपळाई गेली आणि पेट्रोल अधिक जळू लागले. १९५५ साली ब्यूइकने तोड काढली. मधल्या पात्यांचा कोन बदलता येईल अशी रचना केली. चालकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की पाती वळत, इंजिनाला उंच वेगाने फिरायची मोकळीक मिळे. पाय सैल केला की ती पुन्हा मूळ कोनावर येत. १९६५ ते १९६७ या वर्षांत जनरल मोटर्सच्या टर्बो हायड्रामॅटिक ४०० या पेटीच्या काही आवृत्त्यांतही अशी बदलती पाती होती. ‘इंजिनाला मोकळीक किती द्यावी?’ हा प्रश्न येथे प्रथम स्पष्टपणे पुढे आला, आणि स्टॉल वेगाचा सारा वाद म्हणजे हाच प्रश्न होय.

स्टॉल वेग म्हणजे काय? टर्बाइनचाक रोखून धरले आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिन एका मिनिटात जितक्या फेऱ्यांपर्यंत चढून तेथेच अडकते, तो स्टॉल वेग. साध्या अमेरिकन गाड्यांत तो सामान्यतः २,००० फेऱ्यांच्या आतबाहेर असे. शर्यतीचे हौशी लोक तो २,५००, ३,०००, ३,५०० असा वर नेऊ पाहतात; निव्वळ शर्यतीच्या गाडीत तो ५,००० च्याही पुढे जातो.

का बरे? १९५१ साली वॉली पार्क्स यांनी अमेरिकेत नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली आणि सरळ रस्त्यावरच्या पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या, ड्रॅग शर्यतींना शिस्त आली. या शर्यतीत उभ्या गाडीने सुटायचे असते. शक्ती वाढवण्यासाठी इंजिनात असा कॅमशाफ्ट घालतात की झडपा अधिक वेळ उघड्या राहतील. वरच्या वेगात त्याने इंजिन उसळते. पण २,५०० फेऱ्यांच्या खाली तेच इंजिन मरगळलेले असते. अशा इंजिनामागे १,८०० स्टॉलचा कन्व्हर्टर असेल तर ते नेमके आपल्या दुर्बळ अवस्थेत अडकून पडते. जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर त्याला आधी आपल्या बळापर्यंत चढू देतो आणि मग ओझे अंगावर घालतो. १९६२ च्या सुमारास क्रायस्लरच्या मोठ्या इंजिनांच्या गाड्या टॉर्कफ्लाइट या स्वयंचलित पेटीसह शर्यतीत चमकू लागल्या, तेव्हा स्वयंचलित पेटी म्हणजे म्हाताऱ्यांची सोय, हा समज मोडू लागला.

स्टॉल वाढवतात कसा? मुख्यतः कन्व्हर्टरचा व्यास कमी करून. येथे निसर्गाचा एक मोठा कडक नियम आहे. कन्व्हर्टर किती पीळ पेलतो ते त्याच्या व्यासाच्या पाचव्या घातावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. १२ इंची कन्व्हर्टरच्या जागी त्याच घडणीचा १० इंची घातला, तर व्यास सहाव्या भागाने कमी झाला. पण पेलण्याची शक्ती ४० टक्क्यांवर येते. इंजिनाचा पीळ तोच धरला, तर आधी १,८०० वर अडणारे इंजिन आता सुमारे २,८०० वर अडेल. क्रायस्लरने १९६० नंतरच्या दशकात हेमी आणि ३४० या जोमदार इंजिनांमागे नेहमीच्या ११¾ इंचांऐवजी १०¾ इंची कन्व्हर्टर दिला. अवघा एक इंच कमी. पण वरच्या नियमाने स्टॉल सुमारे २५ टक्क्यांनी वाढतो. पात्यांचे कोन बदलूनही स्टॉल वरखाली करता येतो. म्हणून नुसता व्यास मोजून निर्णय देता येत नाही.

याच नियमातून दोन गोष्टी निघतात आणि त्या बाजारात फार थोडे लोक ध्यानात घेतात. पहिली अशी की स्टॉल हा एकट्या कन्व्हर्टरचा गुण नव्हे. इंजिनाचा पीळ २१ टक्क्यांनी वाढला तर त्याच कन्व्हर्टरचा स्टॉल १० टक्क्यांनी वाढतो. डब्यावर ३,००० असा आकडा लिहिला असेल, तर तो कोणत्या इंजिनामागे, हे विचारल्यावाचून त्या आकड्याला अर्थ नाही. मित्राच्या मोठ्या इंजिनामागे ३,००० दाखवणारा कन्व्हर्टर आपल्या लहान इंजिनामागे २,५०० सुद्धा दाखवील. दुसरी गोष्ट उलट बाजूची आहे. पुष्कळांना वाटते की ३,००० स्टॉलचा कन्व्हर्टर घातला की ३,००० फेऱ्या होईपर्यंत गाडी हलणारच नाही. हे खरे नव्हे. पाय हलका ठेवून इंजिनाचा पीळ पावपट केला, तर स्टॉल निम्म्यावर, म्हणजे १,५०० वर येतो. गाडी निमूटपणे निघते, फक्त थोडी सैल वाटते.

मग तोटा कोठे आहे? तोटा उष्णतेत आहे. जूल या शास्त्रज्ञाने १८४० नंतरच्या दशकात पाणी ढवळून ते किती तापते हे मोजले होते. आपला कन्व्हर्टर तोच प्रयोग रोज करीत असतो. गाडी रोखून इंजिन पूर्ण जोराने चालवले, तर इंजिनाची सारी शक्ती तेल तापवण्यात जाते. हिशेब करून पाहा. स्टॉलच्या वेळी इंजिन १५० अश्वशक्ती देत असेल आणि ते ५ सेकंद तसेच धरले, तर पेटीतल्या ९ लिटर तेलात ती उष्णता सारखी पसरली तरी त्याचे तापमान सुमारे ३६ अंश सेल्सिअसने वाढते. प्रत्यक्षात ती प्रथम कन्व्हर्टरमधल्या थोड्या तेलात साठते आणि तेथे चटका याहून मोठा बसतो. म्हणूनच जाणते मिस्त्री ही परीक्षा ५ सेकंदांपलीकडे नेऊ देत नाहीत. तापलेले तेल आपले गुण लवकर गमावते, त्यामागून पेटीतले क्लच जळतात, आणि कन्व्हर्टरच्या किमतीवर पेटीच्या दुरुस्तीचा खर्च चढतो. जास्त स्टॉल घ्यायचा तर तेल थंड करणारा वेगळा कूलर घ्यायचा, ही चैन नव्हे, निवडीचाच एक भाग आहे.

आता निवड कोणत्या क्रमाने करावी ते पाहू. पहिला प्रश्न, इंजिन कोठे जोर धरते? २,५०० ला जागे होऊन ४,००० ला पिळाचे शिखर गाठणारे इंजिन असेल, तर २,८०० ते ३,००० च्या आसपासचा स्टॉल त्याला मानवेल. ४,५०० चा घातला तर इंजिन शिखर ओलांडून पुढे जाईल आणि वाढलेला आवाज तेवढा पदरी पडेल. इंजिन मुळातच खालून ओढणारे असेल, तर जास्त स्टॉलची गरजच नाही.

दुसरा प्रश्न मागच्या आसाच्या गिअरचा आणि चाकाचा. चाकाचा परीघ २.१ मीटर धरू. ताशी १०० किलोमीटरला, सरळ तिसऱ्या गिअरमध्ये, आसाचे प्रमाण ३.०८ असेल तर इंजिनाच्या मिनिटाला सुमारे २,४५० फेऱ्या होतात, प्रमाण ४.१० असेल तर सुमारे ३,२५०. दुसऱ्या गाडीत कन्व्हर्टर बहुधा घट्ट धरलेला राहील. पहिल्या गाडीत चढ लागला, पाय जरा दाबला, की तो सरकू लागेल आणि तेल तापेल. त्यातही ०.७० चा ओव्हरड्राइव्ह असेल, तर ३.०८ च्या आसावर इंजिन १,७०० फेऱ्यांवरच राहते आणि ही सरक रोजचीच होते. येथे उपयोगी पडतो तो लॉकअप क्लच. ठरावीक वेगानंतर तो पंपचाक आणि टर्बाइनचाक एकमेकांना घट्ट बांधून टाकतो. पॅकार्डने तो १९४९ सालीच आपल्या अल्ट्रामॅटिक पेटीत दिला होता. पुढे तो मागे पडला आणि इंधनाची टंचाई भोगल्यावर, १९७८ च्या क्रायस्लर गाड्यांत परत आला. रस्त्यावर रोज चालणाऱ्या ओव्हरड्राइव्हच्या गाडीत जास्त स्टॉल हवा असेल, तर लॉकअप असलेलाच कन्व्हर्टर घ्यावा.

तिसरा प्रश्न गिअर बदलताना इंजिन किती खाली पडते याचा. शेव्हरोलेच्या पॉवरग्लाइड पेटीत दोनच गिअर आणि पहिल्याचे प्रमाण १.८२ किंवा १.७६. ६,००० फेऱ्यांवर गिअर बदलला की इंजिन ३,३०० ते ३,४०० च्या आसपास येऊन पडते. त्या खड्ड्यात इंजिन रुतू नये म्हणून तेथे जास्त स्टॉल कामी येतो. साध्या, हलक्या पॉवरग्लाइडला शर्यतवाल्यांनी इतकी वर्षे जवळ केले, त्यात या जोडीचा वाटा मोठा आहे. आणि चौथा प्रश्न मालकाने स्वतःलाच विचारायचा : ही गाडी पाव मैल धावणार की बाजारातून भाजी आणणार?

वेगाने निघणे आणि काटकसरीने चालणे यांतला हा तंटा केवळ शर्यतवाल्यांचा नाही. आपल्या रेल्वेतील अभियंते मनमोहन सुरी यांनी डिझेल इंजिनांसाठी द्रवाची आणि यांत्रिक अशा दोन्ही जोडण्यांचा मेळ घालणारे ट्रान्समिशन शोधून काढले. जड गाडी हलवताना तेलाचा मऊपणा हवा आणि ती चालू लागल्यावर यांत्रिक जोडीची काटकसर हवी, हीच त्यामागची गरज. १९६२ चे भटनागर पारितोषिक त्यांना मिळाले. चित्तरंजनला बनलेल्या शंटिंगच्या डिझेल इंजिनांत सुरी ट्रान्समिशन बसले आणि ते घडवण्याचे काम आपल्या पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिक कारखान्याने केले. जो प्रश्न ब्यूइकच्या मोटारीपुढे होता, तोच यार्डात डबे ढकलणाऱ्या इंजिनापुढेही होता.

शेवटी अलीकडचे एक उदाहरण देतो. डॉजने २०१८ च्या मॉडेलवर्षासाठी ‘डीमन’ नावाची गाडी काढली. ८४० अश्वशक्तीची, पाव मैलाच्या शर्यतीसाठीच मुद्दाम घडवलेली. तिच्या कन्व्हर्टरचा स्टॉल कारखान्याने आपल्याच आधीच्या हेलकॅट मोटारीपेक्षा किती वाढवला असेल? सुमारे ११ टक्के! पीळ वाढवण्याची शक्ती मात्र १८ टक्क्यांनी वाढवली, गाडी सुटेपर्यंत पेटी रोखून धरणारा वेगळा ब्रेक दिला, आसाचे गिअर आणि टायर त्याला जुळवून घेतले. ज्यांच्यापाशी प्रयोगशाळा होत्या आणि पैशाला तोटा नव्हता, त्यांनीही आकडा दुप्पट केला नाही. त्यांनी साऱ्या भागांचा मेळ बसवला.

फ्यॉटिंगरने नळ काढून दोन चाके जवळ आणली, ट्रिलॉकवाल्यांनी पाती गरजेपुरती उभी केली, ब्यूइकने त्यांचा कोन पायाच्या हुकमात दिला, पॅकार्डने हवे तेव्हा तेलाचा दुवा बाजूला सारला. या सव्वाशे वर्षांत प्रत्येक शहाण्या माणसाने इंजिनाला लागेल तेवढीच मोकळीक दिली आणि ती कोठे आवळायची तेही ठरवले. आपल्यापैकी कोणी गाडी बांधायला निघाला, तर दुकानात आकडा विचारण्याआधी त्याने इंजिनाचा पीळ, गाडीचे वजन, आसाचे प्रमाण आणि चाकाचा परीघ एका कागदावर लिहून न्यावा. दुकानदार जाणता असेल तर तो प्रथम तो कागदच मागील. आणि कागद न पाहता जो मोठा आकडा पुढे करील, त्याच्या दुकानाची पायरी उतरलेली बरी.